मायाक्का ऊद घेते

आमच्या नाटक कंपनीत राजे होते, खलपुरुष होते, विनोदी नट होते आणि राणीचं काम करणारा मी होतो. पण सोलापूरच्या मुक्कामात थंडीच्या दिवसांत रोज सकाळी थेटरापुढं गर्दी जमायची ती आमच्यापैकी कोणासाठी नव्हे. ती जमायची मायाक्कासाठी. मायाक्का म्हणजे आमची मोटार. गारठ्यात सुरू होताना ती जो थयथयाट करायची, तसा प्रवेश मी रंगमंचावर कोणाला करताना पाहिला नाही, आणि मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली आहेत.

तिच्या मागं उभा असायचा भिमा, आमचा ड्रायव्हर. हे सगळं सांगायचं ते त्याच्यासाठी.

नाव भिमा, पण अंगानं उदबत्तीची काडी. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळी घोंगडी, कमरेला पावा खोचलेला. मोटार सुरू करायचं हँडल फिरवताना हँडल त्याला फिरवतंय की तो हँडलाला, हे लांबून कळायचं नाही. जातीचा धनगर, गाव सांगोल्याकडचं. एकदा मंगळवेढ्याहून येताना आमची मोटार त्याच्या मेंढरांच्या कळपात शिरली आणि तिथंच बंद पडली. त्या वेळच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, शिव्या दिल्या. मेंढरं ढिम्म. भिमानं जिभेनं कसलासा आवाज काढला आणि कळप पडद्यासारखा दोन बाजूंना सरकला. मग तो पुढं आला, मोटारीच्या नाकाडावरून त्यानं हात फिरवला आणि म्हणाला, "लई तापलीया ओ. पानी पाजा की हिला."

इंजिन गार ठेवणाऱ्या टाकीत खरोखरच पाणी नव्हतं. आमच्या मालकांना, म्हणजे मुकुंदरावांना, माणूस पसंत पडला. भिमानं कळप धाकट्या भावाच्या हवाली केला आणि बायकोला घेऊन तो कंपनीत आला. आधी गाडी धुवायला, मग हँडल मारायला, आणि जुना ड्रायव्हर सोडून गेल्यावर चाकावर. चिंचलीची मायाक्का त्याची देवी, म्हणून मोटारीचं नावही त्यानं तेच ठेवलं. देवीचं नाव ठेवल्यावर शिव्या देता येत नाहीत ही एक अडचण होती. पण ती त्यानं आम्हांला शिव्या देऊन भागवली.

त्याची बायको फुलाबाई. कंपनीच्या भाकऱ्या ती थापायची. थेटराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूला तिची चूल आणि दुसऱ्या बाजूला मोटार. भिमा चुलीकडं पाठ करून मोटारीकडं तोंड करून जेवायला बसायचा, म्हणून फुलाबाई सकाळी मोटारीला हळदकुंकू लावताना 'आक्का' म्हणायची आणि बाकी दिवसभर 'सवत'.

मायाक्काचं मुख्य काम म्हणजे सकाळची जाहिरातीची फेरी. दोन्ही बाजूंना नाटकाचे फलक, मागं बँडवाले, पुढं भिमाशेजारी मी, हँडबिलं उधळायला. शुक्रवार पेठेतून मधल्या मारुतीपर्यंत जाऊन परत. नाटकातली राणी दिवसा धोतर नेसून कशी दिसते हे बघायला लोक दारात यायचे. भिमा मला 'राणीसाब' म्हणायचा, तेही भर चौकात, बँड थांबला असताना.

तो हिवाळा तेहतीस-चौतीस सालचा. बोलपट आले होते. आमच्या थेटराच्या रस्त्यावरच एक बोलपटवाला येऊन बसला होता आणि आमचे प्रेक्षक पहिल्या घंटेला आमच्याकडं आणि दुसऱ्या घंटेला त्याच्याकडं असे वागू लागले होते. त्यात मायाक्काला ही थंडी भरली.

सकाळी हँडल मारलं की ती सुरू व्हायची, नाही असं नाही. पण सुरू झाली की अंगात आल्यासारखी घुमायची. धड धड धड, मग एक उचकी, मग फुस्स, मग पुन्हा धड धड. दोन्ही बाजूंचे फलक एकमेकांशी भांडायचे. बँडवाल्याच्या ओठावर क्लॅरिनेट टिकायचं नाही. जागेवर उभी असताना पेट्रोलचा खटका ओढून ठेवला नाही तर दोन उचक्या देऊन मरायची. आणि गंमत अशी की शुक्रवार पेठ ओलांडेपर्यंत अंग तापलं की हीच बाई अशी शहाण्यासारखी चालायची की जणू काही झालंच नव्हतं.

"ढोंग करतीया," फुलाबाई म्हणायची. "सकाळचं काम नको असलं की माझी जाऊ बी अशीच कन्हती. दुपारी जेवायला टुणटुणीत."

"तू गप. तिला काय हुतंय ते तिलाच ठावं."

"माझं काय दुकतंय ते कदी इचारलं न्हाईस!"

"तुला तोंड हाय की!"

भिमानं उपाय सुरू केले. सगळे प्लग काढले, राखेनं घासून चकचकीत केले. फरक नाही. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून फुलाबाईच्या नव्या लुगड्याच्या पदरातून ते गाळलं. पेट्रोल स्वच्छ निघालं, पदर मात्र जन्माचा वास मारत राहिला आणि त्या दिवशी कंपनीला भाकरी मिळाली नाही. रात्री तो मोटारीवर आपली घोंगडी घालून स्वतः कुडकुडत झोपायचा. सकाळी पाण्याच्या टाकीत कढत पाणी ओतायचा. त्यानं जरा बरं वाटायचं, पण उचकी सुटायची नाही.

एके सकाळी शेडमधून असा काही सुवास आला की आम्ही सगळे उठून धावलो. आज चहा झकास झालाय अशी आमची कल्पना. तर भिमा पातेल्यातून आलं आणि ओवा घातलेला काढा मोटारीच्या पाण्याच्या टाकीत ओतत होता.

"अरे, हे काय?"

"मेंढराला सर्दी झाली की ह्येच देत्यात, राणीसाब. गूळ घातला न्हाय, मुंग्या लागत्याल."

त्या दिवशी आम्ही फेरीला निघालो तेव्हा शुक्रवार पेठभर काढ्याची वाफ सोडत गेलो. पेठेतल्या एका आजीबाईंनी दारातून हाक मारून विचारलं, "बाळंतीण कोण रे तुमच्यात?"

काढ्याचा गुण आला नाही. उलट परतताना नको तिथं पेट्रोल संपत आलं, गाडी थांबवावी लागली, डबा आणून ओतेपर्यंत ती पार गार झाली आणि नेमकी बोलपटाच्या थेटरापुढं येऊन थरथर कापू लागली. दोन उचक्या. फुस्स. मेली. बँडही थांबला. त्या शांततेत बोलपटाचा मॅनेजर सिगारेट ओढत बाहेर आला. त्यानं आमच्याकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं आणि रस्त्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय मंडळी, तुमचा मूकपट दिसतोय?"

रस्ता हसला. आम्ही मोटार ढकलत थेटरावर आणली.

मुकुंदरावांनी जन्मभर प्रतिज्ञा करणाऱ्या वीरांची कामं केली होती. आमटीत मीठ कमी पडलं तरी ते उजवा हात वर करून प्रतिज्ञा करायचे. त्या दुपारी सगळी कंपनी पंगतीला बसली असताना ते उभे राहिले.

"ऐका! संक्रांत तोंडावर आली. गड्ड्याची जत्रा. सगळा मुलूख सोलापुरात उतरणार. गड्ड्याच्या पहिल्या सकाळी ही मोटार न थरथरता, न उचकता सुरू झाली आणि शहराची फेरी करून आली, तर कंपनीच्या शेवटच्या नाटकापर्यंत मी तिला विकणार नाही. आणि नाही झाली, तर टेंभुर्णीचा चन्नवीर तिचं इंजिन मागतोच आहे. पिठाच्या गिरणीला लावायचं म्हणतोय तो. घेऊन जाऊ दे!"

भिमाच्या हातातला घास हातातच राहिला. "आक्का पीठ दळनार?"

"दळेल."

"आन मी, मालक?"

"तू काय, मेंढरं राख."

भिमा उठला, ताट तसंच ठेवून शेडमध्ये गेला. मेंढरांची त्याला लाज नव्हती. पण कळप आता भावाचा होता. परत जायचं म्हणजे भावाच्या कळपामागं गडी म्हणून चालायचं. आणि त्याहून मोठं म्हणजे, त्यानं हाताळलेलं जनावर आजारी असताना कसाबाकडं जाणार होतं. हे त्याचेच शब्द. फुलाबाईनं त्याचं ताट उचलून शेडमध्ये नेलं आणि त्या दिवशी प्रथमच मोटारीकडं तोंड करून त्याच्याबरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट आमच्या रंगपटात आली. नाटकाआधी पूजेला आम्ही ऊद जाळायचो, ती ऊददाणी तिनं उचलली. "तुज्या औषिदानं झालं न्हाय," शेडमध्ये येऊन भिमाला ती म्हणाली, "आता माझं बघू. हँडल मार."

पेट्रोलच्या गाडीजवळ निखारे! तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. मायाक्का सुरू झाली, कापू लागली. फुलाबाईनं इंजिनावरचं पत्र्याचं झाकण उघडून पुढून ऊद ओवाळला. धूर सरळ वर गेला. डावीकडून ओवाळला. वर गेला. उजवीकडं आली, आणि धूर वर जायचा थांबला. तो आडवा झाला, नागासारखा वळला आणि इंजिनाच्या कुशीत सरसर शिरून दिसेनासा झाला.

"आगं बया बया बया!" फुलाबाईनं ऊददाणी हलवून पाहिली. पुन्हा तसंच. "आक्का ऊद घेती! आवो, बगा की, आक्का ऊद घेती!"

आम्ही सगळे धावलो. मुकुंदराव अंघोळीतून पंचा सावरत आले. "पुन्हा कर," म्हणाले. तिनं केलं. धूर पुन्हा आत. मालकांनी एका हातानं पंचा धरला होता, म्हणून दुसऱ्या एकट्या हातानं नमस्कार केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. डोळे भक्तीनं मिटले होते खरे, पण उघडले ते प्रेक्षागृह भरल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दारावर फलक लागला. 'सकाळी मायाक्का ऊद घेईल. रात्री नाटक होईल.'

काय गर्दी लोटली म्हणता! पेठेतल्या बायका खणानारळाची ओटी घेऊन आल्या, विणकरांच्या घरच्या तेलुगू बोलणाऱ्या अम्मा आल्या, अक्कलकोटाकडची कानडी मंडळी बैलगाड्या जोडून आली. इंजिनाच्या झाकणावर हळदकुंकवाचा थर चढला, दिव्यांना झेंडूच्या माळा. मालक स्वतः सोवळं नेसून शेजारी उभे राहायचे आणि धूर आत शिरला की खणखणीत आवाजात घोष करायचे. सकाळी देवीला आलेले रात्री नाटकाला यायचे. एकदा तर बोलपटाचा मॅनेजरच नारळ घेऊन रांगेत उभा दिसला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही त्याला लाजवलं नाही. फक्त त्याचा नारळ मी स्वतःच्या हातानं फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा ठेवून घेतला.

मालकांनी भिमाला बोलावलं. "भिमा, पांग फेडलेस! आता हिला हात लावायचा नाही. खिळासुद्धा नाही. गिरणीला देणार नाही. इथंच दारात उभी राहील."

"आन फेरी?"

"देवी फिरते का कुठं? लोकांनी देवीभोवती फिरायचं."

"मालक, पालखी फिरती की."

मालक क्षणभर वाक्य विसरले. पण कसलेला नट, सावरले. "तू आता पुजारी. बसून खा!"

भिमा येऊन चाकाशी बसला. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? आक्का वाचली."

"वाचली कशाची, राणीसाब," तो म्हणाला. "हळद लावून, माळ घालून, एका जागी बांधून ठिवल्यालं मेंढरू मी एकाच कामासाठी बगितलंया."

मी उठून दिव्यावरची झेंडूची माळ काढून ठेवली.

मग त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. खरं म्हणजे सगळ्यांच्याच लक्षात आली होती. मायाक्का फक्त सुरुवातीला ऊद घ्यायची. बराच वेळ सुरू ठेवली की धूर वर जाऊ लागायचा आणि उशिरा आलेले हिरमुसून परत जायचे. "देवी वक्तशीर आहे," असं मालक त्यांना सांगायचे. पण भिमाला ते पटेना. थंडी वाजते तेव्हाच ऊद घेते, आणि थंडी गेली की ऊदही नको, हे कसं?

त्या संध्याकाळी तो पावा वाजवत बसला होता. सूर फुसका लागला. त्यानं पावा तोंडापुढून काढून पाहिला, बोट पुन्हा बसवलं, वाजवलं, सूर गोड. बोट जरासं उचललं, फुस्स. पुन्हा बसवलं, गोड. मग तो पाव्याकडं बघायचा सोडून मोटारीकडं बघत राहिला.

"राणीसाब," तो हळूच म्हणाला, "धूर कुटं जातो? जिकडं वारा जातो तिकडं. आक्का कुशीतनं वारा ओढतीया. तितं भोक हाय. पाव्यावरचं बोट उचलल्यावानी."

त्यानं दाखवलं. पेट्रोलची वाफ इंजिनात नेणारा एक जाड लोखंडी नळ कुशीला बसवलेला होता. जिथं तो इंजिनाला भिडतो तिथल्या सांध्यातून बाहेरची हवा आत घुसत होती. वाफ पातळ व्हायची आणि बाई उचकी द्यायची.

"पण मग तापल्यावर का नाही?" मी विचारलं.

आमचे प्रॉम्प्टर शरच्चंद्रपंत पूर्वी शाळामास्तर होते. ते चष्मा कपाळावर ढकलत पुढं झाले. "अरे, लोखंड तापलं की फुगतं. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात? तापवून! तसाच हा सांधा. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, भेग मिटते."

"आस्सं!" भिमानं मांडीवर थाप मारली. "म्हून शुक्कारपेठंत शानी हुती! पंत, ह्ये आदी का न्हाय सांगितलंसा?"

"तू विचारलंस कधी? तू काढा उकळत होतास."

खात्री करायला भिमानं सकाळची वाट पाहिली. गर्दी जमायच्या आधी त्यानं शेडमध्येच मोटार सुरू केली. ती कापायला लागली. फुलाबाई चुलीपाशी ज्वारीचं पीठ मळत होती. भिमानं तिच्या परातीतला गोळा उचलला आणि त्या सांध्यावर थापला.

"आरं ए! भाकरीचं पीठ हाय त्ये! ह्या सवतीला आता भाकरी बी–"

मायाक्काची थरथर थांबली होती. फलक गप्प. इंजिन असं चाललं होतं की मांडीवरचं मांजर गुरगुरावं. भिमानं ऊददाणी घेऊन कुशीजवळ धरली. धूर सरळ वर गेला.

थोड्या वेळानं उष्णतेनं पीठ वाळलं, तडकलं, आणि उचकी पुन्हा लागली. पण जे कळायचं ते कळलं होतं. फुलाबाई मात्र खालीच बसली.

"म्हंजी देवी न्हाय?"

भिमा तिच्यापुढं उकिडवा बसला. "देवी न्हाय आसं कोन म्हनलं? पलग घासलं, काढा पाजला, मला भोक घावलं न्हाय. तुज्या ऊदानं दावलं."

फुलाबाईनं विचार केला. मग पदरानं नाक पुसलं आणि उठली. "मग बुजीव की बाबा! देवीनं दावल्यालं भोक उगडंच ठिवायचं व्हय?"

"मालकानं हात लावायचा न्हाय म्हनलंय."

"मालकानंच आदी काय म्हनलंय? न थरथरता चालली पायजे. पंगतीत म्हनलंय. मी वाढत हुती तवा."

सांध्यातली जुनी चकती जळून तिचा भुगा झाला होता. आता तिथं काय बसवायचं? पुठ्ठा जळेल, चामडं आकसेल. तांब्याचा पत्रा हवा, भिमा म्हणाला, मऊ आणि जाड. मी रंगपटात गेलो आणि राणीचा कमरपट्टा घेऊन आलो. तांब्याचा, वरून सोन्याचं पाणी दिलेला. किती नाटकांत तो माझ्या कमरेला होता! दिव्यांत असा झळकायचा की मागच्या बाकावरच्यांनासुद्धा राणी श्रीमंत वाटायची.

"राणीसाब, कंबर उगडी पडंल."

"राणी वनवासाला निघाली असं समज. काप."

काम करायला आम्ही भरदुपार निवडली. नाटकवाल्यांची मध्यरात्र ती. मोटार शेडमध्ये, सगळी कंपनी झोपलेली, आणि मालकांचं घोरणं थेटराच्या पत्र्यावर घुमत होतं. जोवर ते घोरणं चालू तोवर आमचं काम चालू, असा संकेत. भिमानं कात्रीनं पट्ट्यातून चकती कापली, फुलाबाईच्या चुलीत लाल केली आणि चर्रर्र करून पाण्यात बुडवली. तसं केल्यानं तांबं मऊ होतं, दाबलं की भेगेत नीट बसतं. नळ काढला, सांधा खरवडला, चकती बसवली. मधेच घोरणं थांबलं. आम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे. पलीकडून मालकांचा झोपेतला आवाज आला, "पडदा!" आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. भिमानं शेवटचा नट आवळला.

आणि गड्ड्याची पहिली सकाळ उजाडली. अशी थंडी की बँडवाल्यांच्या नाकांनाच आधी सूर लागले. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, थेटरापुढं पाय ठेवायला जागा नाही. टेंभुर्णीचा चन्नवीरही आला होता. गळ्यात मफलर, हातात पिशवी. पिशवीत इंजिन घेऊन जाणार होता की काय कोण जाणे. मालक सोवळ्यात, हातात ऊददाणी. फुलाबाई शेजारी.

भिमानं हँडल मारलं.

मायाक्का सुरू झाली. थरथर नाही, उचकी नाही. पहिल्या ठोक्यापासून सरळ लयीत. मालक दचकले. त्यांनी ऊद पुढून ओवाळला, डावीकडून ओवाळला, आणि गर्दीनं श्वास रोखला तेव्हा उजवीकडून.

धूर संथपणे, सरळ, आकाशात चढत गेला.

मालकांनी दाणी खाली धरली, तिरपी धरली, जवळ नेली. धूर आपला वर. सगळीकडं अशी शांतता पसरली की नाटक पडतंय हे कोणत्याही नटाला कळावं. मालकांनी सावकाश मान वळवून भिमाकडं पाहिलं. भिमानं माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं पाहिलं.

"आज देवी घेत नाही का हो?" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला.

तेव्हा फुलाबाई पुढं झाली. कंपनीच्या इतिहासात कोणा नटानं इतक्या वेळेवर प्रवेश घेतलेला नाही. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "घेईल कशाला? इतकं दीस सगळ्या सोलापूरनं खाऊ घातलं. प्वाट भरलं तिचं! भरल्या पोटी कोन खातंय का? बगा की, कशी त्रुप्त होऊन बोलतीया!"

गर्दी क्षणभर इंजिनाचा आवाज ऐकत राहिली.

"व्हय की," म्हातारा म्हणाला. "मघापासनं मी तेच म्हनतोय, आज आवाज लई समाधानी हाय." आणि त्यानं जयजयकार केला. मग काय, सगळ्यांनीच केला.

मालकांच्या डोक्यात हिशेब चालू होता हे मला दिसत होतं. देवीचा खेळ संपला, तर मग गिरणी? त्यांची नजर चन्नवीरकडं वळली. पण चन्नवीर दोन्ही हात जोडून मागं सरकत होता. "नको अण्णा, नको! देवीकडून पीठ दळून घेऊ म्हणता? अय्यो, हात झडतील माझे!" आणि पिशवीसकट तो गर्दीत नाहीसा झाला.

"मालक," भिमा हळूच म्हणाला, "न थरथरता सुरू झालीया. पंगतीत बोलला हुता."

शरच्चंद्रपंतांनी मागून, जन्मभराच्या सवयीनं, मालकांना त्यांचंच वाक्य पुरवलं, "कंपनीच्या शेवटच्या नाटकापर्यंत..."

आणि मुकुंदराव, देव त्यांचं भलं करो, नट होते. समोर एवढा प्रेक्षक असताना दिलेली प्रतिज्ञा मोडणं त्यांना शक्यच नव्हतं. उजवा हात वर गेला. "विकणार नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर त्यांना ते मनापासून पटलंही.

फेरी निघाली. शुक्रवार पेठेत आजीबाई दारात होत्या, त्यांनी "बाळंतीण बरी का?" म्हणून विचारलं. परतताना बोलपटाच्या थेटरापुढं भिमानं गाडी थांबवली. बँडला हातानं गप्प केलं. इंजिन चालूच. मॅनेजर बाहेर आला. इंजिन इतकं हळू चाललं होतं की उभी मोटार पाहून त्याला वाटलं, झालं.

"काय रे, पडली का बंद?"

"न्हाय, सायेब," भिमा पटका सरळ करत म्हणाला. "जरा कान द्या. आता आमची बी बोलती."

त्या रात्री थेटर भरलं होतं. माझा प्रवेश यायच्या आधी विंगेत मालकांनी माझ्या कमरेकडं पाहिलं. तिथं जरीची फीत बांधलेली होती.

"कमरपट्टा कुठं आहे रे?"

"देवीला वाहिला, मालक."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. बाहेर घंटा झाली. त्यांनी हात जोडले आणि मला रंगमंचावर ढकललं.

कंपनीचं शेवटचं नाटक पुढं काही वर्षांनी झालं. बोलपटांनी आम्हां सगळ्यांनाच वनवासाला पाठवलं. मालकांनी त्याच रात्री मायाक्का भिमाच्या हवाली केली आणि ती भाड्यानं माणसं नेणारी गाडी झाली, सांगोल्याच्या रस्त्यावर. एकदा त्याच्याकडं मुक्कामाला होतो. पहाटेची थंडी. भिमानं हँडल मारलं. फुलाबाई ऊददाणी घेऊन मोटारीच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली. भिमा वाकून धुराकडं बघत होता.

"सरळ हाय का?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"सरळ हाय."

मग दोघांनीही मायाक्काला हात जोडले, आणि भिमानं मला हाक मारली, "चला राणीसाब, बसा. आक्काचं प्वाट भरल्यालं हाय."